नवीन पोरगा घेतला, आता जुन्याचं काय?



आज एका क्रिकेट फॅनची गोष्ट सांगतो. तो फॅन म्हणजे मीच. कासारवाडीतून पवनेचा पूल ओलांडून पिंपळे गुरवमार्गे पुढे गेलं की जुनी सांगवी येते. ऋतुराज गायकवाड तिथला, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. त्यामुळे चेन्नईचा संघ आमच्याकडे अनेकांना घरचाच वाटतो.

३० मार्च २०२५ ला गुवाहाटीत ऋतुराजच्या कोपराला बॉल लागला. फ्रॅक्चर निघालं, सीझन संपला. त्याच्या जागी चेन्नईने विरारचा आयुष म्हात्रे घेतला. वय १७, किंमत ३० लाख. ऋतुराजला ठेवलं होतं १८ कोटींना!

३ मे, बंगळुरू. आयुषने ४८ बॉलमध्ये ९४ रन ठोकले. मी टाळ्या वाजवत होतो, पण आत कुठेतरी खुपत होतं. हा जितका चांगला खेळेल, तितकी आपल्या ऋतुराजची जागा अवघड, असं वाटत होतं. वर मॅचही २ रननी गेली.

तुम्ही म्हणाल, सर, याचा धंद्याशी काय संबंध?

सांगतो. आपल्या बॅचमधल्या एकांची कासारवाडीत जॉबवर्कची छोटी शेड आहे, दोन सीएनसी मशीन. आठ वर्षांचा जुना सेटर गाडीवरून पडला आणि दीड महिना घरी बसला. ऑर्डर तर थांबत नाही, म्हणून त्यांनी आयटीआय झालेला एक पोरगा घेतला. पोरगा हुशार निघाला. सेटर परत आला, तर त्याच्या मशीनवर दुसराच उभा. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. महिन्याभरात त्याने चाकणला नोकरी धरली. पुढे अवघड जॉब आला, पोराला सेटिंग जमेना, अख्खा लॉट रिजेक्ट झाला.

त्यांनी मला विचारलं, "सर, नवीन पोरगा घेऊन चुकलो का?"

नाही. पोरगा घेऊन नाही चुकलात. सेटरला एक फोन न करून चुकलात.

आता ऋतुराजचीच सुरुवात बघा. २०१९ च्या सीझनसाठी चेन्नईने त्याला २० लाखांत घेतलं, आणि तो सीझन त्याला एकही मॅच मिळाली नाही. २०२० मध्ये पहिल्या तीन इनिंग्ज: ०, ५, ०. तिथेच हिशेब केला असता तर? पुढच्या तीन इनिंग्ज: नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. २०२१ मध्ये ६३५ रन, ऑरेंज कॅप, आणि चेन्नईला ट्रॉफी. म्हणजे आज ज्याच्या जागेची मला काळजी वाटते, तोही एकेकाळी "नवीन पोरगा"च होता!

म्हणून नवीन माणूस घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, जुन्याला आधी सांगा. "तुझी जागा तुझीच आहे, याला तयार करायचं काम तुझं." हे त्याला मालकाच्या तोंडून कळलं पाहिजे, चहाच्या टपरीवर नाही.

दोन, नवीन माणसाला सोपा जॉब आधी द्या. चूक झाली तर दोन पीस जावेत, लॉट जाऊ नये.

तीन, हिशेब करायची तारीख आधीच ठरवा. तीन महिने म्हणालात, तर तिसऱ्या दिवशी "हा काही कामाचा नाही" म्हणू नका.

आणि हो, पुढे २०२६ साठी चेन्नईने ऋतुराजलाही ठेवलं आणि आयुषलाही. मी उगाच एकाला निवडत बसलो होतो.

तुमच्याकडेही असा एखादा जुना माणूस असेल, नवीन पोराकडे बघून गप्प झालेला. आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी त्याच्याशी पाच मिनिटं बोला. काय म्हणाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!