चंचल कर्सर आणि अडलेला आरंभ : संगणकाच्या दोषनिदानाचा विचार

यंत्रातील दोष आणि त्या दोषाचे लक्षण या दोन भिन्न गोष्टी होत. परंतु व्यवहारात त्यांची वारंवार गल्लत होते. लॅपटॉपचा कर्सर आपोआप भरकटू लागला की टचपॅड बिघडला आणि यंत्र सुरू होईना की मदरबोर्ड गेला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रबंधलेखनाच्या अखेरच्या महिन्यांत अशा घाईची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोन तक्रारींचा, मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील परिस्थिती ध्यानात घेऊन, विचार केला आहे.

मुंबईत संगणक प्रथम घडला तेव्हा निदानाला पर्याय नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात अडीच हजारांहून अधिक निर्वात नलिका होत्या. असे यंत्र अडले म्हणजे नेमका दोष हुडकून काढावाच लागे. आज लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, बाजारात बहुतेक सुटे भाग मिळतात. ही सोय मोठीच आहे. पण सुटे भाग सुलभ झाले की निदान मागे पडते, हेही तितकेच खरे.

१. कर्सरचे चांचल्य

टचपॅडच्या पृष्ठभागाखाली विद्युत्‌वाहक पट्ट्यांची बारीक जाळी असते. बोट जवळ येताच तेथील विद्युत्‌धारिता किंचित बदलते आणि त्या बदलावरून बोटाचे स्थान ठरविले जाते. हा बदल पिकोफॅरडमध्ये मोजावा लागावा इतका सूक्ष्म असल्याने बाहेरचा थोडा विद्युत्‌गोंगाटही त्यात मिसळून स्थान चुकवू शकतो.

हा गोंगाट पुष्कळदा चार्जरमधून येतो. चार्जरमध्ये विजेचे रूपांतर होताना प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडला व तोडला जातो. त्यातून उद्भवणारा गोंगाट, तीन पिनांच्या चार्जरमध्ये, संधारित्रांच्या वाटे अर्थिंगच्या तारेत सोडून दिलेला असतो. परंतु जुन्या चाळीतील खोलीत दोन पिनांचे सॉकेट असेल, किंवा तिसऱ्या पिनेच्या मागे तारच नसेल, तर ही वाट बंद होते. फेज आणि न्यूट्रल यांना जोडलेल्या दोन समान संधारित्रांमुळे अशा वेळी लॅपटॉपचे धातूचे कवच मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ११५ व्होल्टपर्यंत, चढू शकते. चार्जर निर्दोष असल्यास वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो. म्हणून हाताला केवळ मुंग्या येतात. कर्सर मात्र थरथरतो.

याची परीक्षा सोपी आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. कर्सर स्थिर झाला, तर टचपॅड दोषी नाही. मग तोच चार्जर विभागाच्या प्रयोगशाळेतील, अर्थिंग तपासलेल्या सॉकेटला लावावा. तेथे कर्सर शांत राहिला तर दोष घरच्या सॉकेटचा. तेथेही भरकटला तर चार्जरचा संशय बळावतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हे या परीक्षेचे मर्म होय. चार्जर आणि सॉकेट एकदमच बदलले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

बॅटरीवरही कर्सर भरकटत असेल, तर इतर कारणे पाहावीत. पावसाळ्यात बोटांचा घाम व दमटपणा पुरेसा असतो. कोरड्या कापडाने पुसल्याने तो दोष जातो. टचपॅड वर उचलला गेलेला दिसल्यास त्याखालची बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करावे आणि ती बॅटरी दाबू अथवा टोचू नये. तिला आग लागू शकते. माऊस वापरात असल्यास मेजावरील काचही कारण ठरते, कारण प्रकाशीय माऊस पृष्ठभागाच्या पोताची चित्रे ताडून हालचाल ओळखतो आणि नितळ काचेला पोत नसतो.

२. आरंभातील अडथळे

यंत्र सुरू होणे ही एक घटना नसून घटनांची साखळी आहे. प्रथम वीजपुरवठा स्थिर होतो. नंतर मदरबोर्डवरील मूळ प्रणाली स्मृती व अन्य भाग तपासते. ती डिस्क शोधते. आणि शेवटी डिस्कवरील कार्यप्रणाली स्मृतीत उतरते. साखळी कोठे तुटली हे पाहिले की शोधाचे क्षेत्र आकुंचित होते. दिवा, पंखा काहीच चालत नसेल, तर पुरवठा तपासावा. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर स्मृतिपट्टीचा संपर्क बिघडला असण्याचा संभव असतो. समुद्राच्या दमट, खारट हवेत हा दोष अधिक संभवतो. पट्टी काढून पुन्हा नीट बसविल्याने तो अनेकदा दूर होतो. तिची टोके खोडरबराने घासण्याची रीत मात्र टाळावी. तिने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. निर्मात्याचे चिन्ह दिसून पुढे काहीच घडत नसेल, तर डिस्क अथवा कार्यप्रणाली यांचा विचार करावा. फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र पुनःपुन्हा चालू करणे घातक ठरते. येथे दुरुस्तीआधी मजकूर वाचविणे हे पहिले कर्तव्य.

३. लक्षणाचा अर्थ

अर्थिंग नसल्याने भरकटणारा कर्सर गैरसोयीचा असला, तरी त्याचा संकेत मोलाचा आहे. ज्या सॉकेटला अर्थिंग नाही, त्यावर उद्या फ्रिज किंवा इस्त्री लागणार असते. त्यांच्या कवचात दोषाने वीज उतरली, तर तो प्रवाह मुंग्यांपुरता राहणार नाही. नळाच्या पाइपाला तार बांधणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने धोका शेजाऱ्याच्या नळापर्यंत पोहोचतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घेणे हाच योग्य मार्ग. टचपॅड बदलून आलेल्या विद्यार्थ्याचा कर्सर त्याच खोलीत पुन्हा थरथरेल. मात्र सॉकेट तपासून घेणारा आपल्या प्रबंधाबरोबर घरातल्या माणसांचीही काळजी वाहील.