नऊ घरांचा हुकूमनामा

तंत्रनिकेतनातील मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेत मी अध्यापक म्हणून जी पुष्कळ वर्षे काढली, त्यांतील बहुतेक दुपारी ज्या एका हिरव्या पाटीसमोर गेल्या, तिला विद्यार्थी नुसते 'किट' म्हणत. पाटीवर सोळा अंक-अक्षरांच्या कळा, त्यांच्या शेजारी हुकमाच्या चार-सहा कळा आणि वर सहा तांबडे अंक. त्यांतले पहिले चार घराचा पत्ता सांगणारे आणि उरलेले दोन त्या घरातील ऐवज दाखविणारे. मधोमध चाळीस पायांची काळी चकती बसलेली असे, तीच ८०८५ प्रोसेसर, इंटेलने १९७६ साली बाजारात आणलेली. तिच्यात साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर असतात. आजच्या प्रोसेसरात ते अब्जांनी मोजतात. तरीही प्रोसेसर आणि मेमरी यांचे नाते ज्याला उमजून घ्यायचे आहे, त्याने आधी या किटवर बोटे चालवावीत, असे माझे ठाम मत आहे.

प्रोसेसरच्या शेजारी अठ्ठावीस पायांच्या दोन चकत्या असत. एकीच्या पाठीवर स्फटिकाची इवलीशी खिडकी आणि त्या खिडकीवर चिकटवलेला कागद: ही ईप्रॉम. किट सुरू होताच कळा वाचणे, अंक उजळणे ही जी नित्याची कामे, त्यांचा 'मॉनिटर' नावाचा प्रोग्रॅम तिच्यात कायमचा कोरलेला असतो. कायमचा म्हणजे, तो कागद सोलून पंधरा-वीस मिनिटे अतिनील किरणांखाली धरले नाही तोवर. दुसरी चकती रॅम, तिच्यात ८१९२ घरे, आणि प्रत्येक घरात आठ बिटांची एकच नोंद मावते.

प्रोसेसरच्या आत मात्र जागा फारच थोडी. ए, बी, सी, डी, ई, एच, एल ही सात रजिस्टरे. त्यांतील ए म्हणजे ॲक्युम्युलेटर, बेरीज-वजाबाकीचे फळ जिथे उतरते ते. बेरीज-वजाबाकी करणारा विभाग. निकाल शून्य आला की ऋण, हातचा उरला की नाही, हे टिपून ठेवणारे पाच फ्लॅग. आणि पुढचा हुकूम कोणत्या घरातून उचलायचा तो पत्ता धरून बसलेला प्रोग्रॅम काउंटर.

पहिल्या तासाचा प्रयोग ठरलेला: पाच आणि सात यांची बेरीज करून ती २०५० क्रमांकाच्या घरात ठेवणे. २००० पासून २००८ पर्यंतच्या नऊ घरांत ३ई, ०५, ०६, ०७, ८०, ३२, ५०, २०, ७६ या सोळाच्या पायावर लिहिलेल्या नोंदी एकेक करून भरायच्या. यानंतर जे घडते ते मी फळ्यावर इतक्या वेळा काढले आहे की त्याचे चित्र मिटल्या डोळ्यांपुढेही उभे राहते. प्रोग्रॅम काउंटर २००० हा पत्ता सोळा तारांवर मांडतो. पण चाळीस पायांत सगळ्यांची सोय लागत नसल्यामुळे खालच्या आठ तारा पत्ता आणि ऐवज या दोन्हींसाठी सामाईक ठेवलेल्या आहेत, म्हणून क्षणभर एक सूचक स्पंद निघतो, शेजारची लॅच नावाची चकती पत्त्याचा तो अर्धा भाग पकडून ठेवते, आणि मोकळ्या झालेल्या त्याच तारांवर रॅम आपल्या घरातील ३ई ठेवते. प्रोसेसरातला हुकूम उकलणारा डीकोडर तो वाचतो: पुढच्या घरात जे असेल ते ए मध्ये आण. काउंटर एकाने वाढतो, ०५ येतो आणि ए मध्ये दाखल होतो. अशाच रीतीने ०६ मुळे ०७ बी मध्ये जातो, ८० मुळे दोहोंची बेरीज ए मध्ये उतरते, ३२ मुळे ती २०५० च्या घरात पोचते आणि ७६ मुळे काम थांबते. सर्व हुकमांची तामिली छत्तीस ठोक्यांत होते. घड्याळ सेकंदाला ३०.७२ लक्ष ठोके देत असल्याने हे सारे सुमारे बारा मायक्रोसेकंदांचे काम. त्या नऊ नोंदी भरायला विद्यार्थ्याला तीन-चार मिनिटे सहज लागतात.

या क्रमात मला सर्वांत विलक्षण वाटत आली ती एकच गोष्ट, आणि ती मी दर वर्षी आवर्जून सांगत असे: ३ई हा हुकूम आहे असे रॅमला मुळीच ठाऊक नसते. तोच ३ई जर २००१ या घरात भरला तर तो बेरजेसाठी आणलेला बासष्ट हा आकडा ठरतो. नोंद तीच, ती कोणत्या वेळी वाचली गेली एवढ्यावर तिचा अर्थ अवलंबून. हुकूम आणि आकडे एकाच मेमरीत ठेवावेत ही कल्पना १९४५ साली एडव्हॅक यंत्राविषयी जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिलेल्या अहवालात मांडलेली आहे, आणि आमचे किट तिच्याच वंशातले.

एका वर्षी खिडकीजवळच्या बाकावरील मुलीने हात वर केला. "सर, दोन हजार पन्नासला काहीतरी भलतंच दिसतंय."

"पत्ता कसा भरलास?"

"आहे तसाच. आधी वीस, मग पन्नास."

८०८५ ची रीत उलटी. पत्त्याचा खालचा अर्धा भाग आधी, वरचा मागून. तिच्या प्रोसेसरने बेरीज अचूक केली होती, पण ती ५०२० या पत्त्यावर रवाना केली होती, आणि आमच्या किटवर त्या पत्त्याला कोणतीही चकती जोडलेली नव्हती. पत्ता तारांवर आला, बेरजेचे बारा तारांवर आले, लिहिण्याचा संकेत झाला, आणि घेणारा कोणी नसल्याने सारे विरून गेले. या किटवर प्रोसेसर पोच मागत नाही. तो निर्धास्तपणे पुढच्या हुकमाकडे वळतो. हे मी सांगत होतो, ती कपाळाला हात लावून ऐकत होती, इतक्यात भारनियमनाची वेळ झाली आणि पंख्यांसकट सर्व किटे विझली.

तास-दीड तासाने वीज आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मेमरी चुंबकीय कड्यांची होती आणि कड्यांतले चुंबकत्व विजेविनाही टिकते; आमच्या रॅमची स्मृती मात्र प्रवाह असेतोवरची, त्यामुळे नऊही घरांत आता अर्थहीन नोंदी होत्या. ईप्रॉम तेवढी शाबूत. प्रोग्रॅम काउंटर शून्यावर आला होता, शून्याच्या घरापासून मॉनिटर सुरू झाला होता आणि तांबडे अंक पुन्हा उजळले होते.

मुलीने वही पुढे ओढली आणि एकेक नोंद ओठांतल्या ओठांत उच्चारीत पुन्हा भरली. ३२ भरल्यावर ती थांबली, "आधी पन्नास," असे स्वतःशी म्हणाली, मग वीस, मग ७६. प्रोग्रॅम चालवला, रीसेट दाबले, २०५० चे घर उघडले. पत्त्याच्या उजवीकडे ०सी उमटले होते.

"बारा," ती म्हणाली, आणि लगेच वहीत लिहून घेतले.