इच्छास्वातंत्र्य : उपजत कीं मिळविलेलें?

आठनऊ वर्षांचा एक मुलगा रागाच्या भरांत धाकट्या बहिणीनें काढलेलें चित्र फाडून टाकतो. आई दटावून विचारते, "कां रे फाडलेंस?" मुलगा मान खालीं घालून म्हणतो, "मला राग आला." फाडणारा आपण नव्हे, राग आला आणि त्यानें हें करविलें, असें त्याला सुचवावयाचें असतें. उलट आई त्याला शिक्षा करूं लागते, तेव्हां मनांत आणलें असतें तर तो थांबूं शकला असता, असें ती गृहीत धरिते.

या लहानशा घरगुती प्रसंगांत तत्त्वज्ञानांतील एक फार जुना वाद सांठविलेला आहे. मनुष्य जन्मतःच आपल्या इच्छेचा धनी असतो, कीं स्वतःला ओळखीत ओळखीत तो तसा होतो? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. शिक्षा कोणाला द्यावी, शाबासकी कोणाला द्यावी आणि मुलांना शिकवावयाचें तें काय, हें सर्व त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

इच्छास्वातंत्र्य उपजत आहे असें मानणाऱ्यांची बाजू प्रथम पाहिली पाहिजे. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें १६४४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, इच्छेचें स्वातंत्र्य इतकें उघड आहे कीं मनुष्याच्या उपजत कल्पनांतील अगदीं पहिल्या कल्पनांत त्याची गणना केली पाहिजे. पुढें जर्मन तत्त्वज्ञ कान्ट (१७२४–१८०४) निराळ्या वाटेनें त्याच मुक्कामाला पोंचला. अमुक गोष्ट करणें आपलें कर्तव्य आहे असें ज्याला कळतें, त्याला ती करण्याची शक्ति असलीच पाहिजे. नाहीं तर कर्तव्य हा शब्दच निरर्थक ठरेल, असें त्याचें म्हणणें. आपल्याकडे पाणिनीनेंहि कर्त्याचें लक्षण सांगतांना 'स्वतंत्र' हाच शब्द योजिला आहे. तें लक्षण व्याकरणापुरतें आहे हें खरें. तथापि 'करणारा' म्हणजे स्वतंत्र, ही समजूत भाषेच्या व्यवहारांत किती खोल रुजली आहे हें त्यावरून दिसतें.

परंतु स्वतंत्र आहों असें वाटणें आणि स्वतंत्र असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद स्पिनोझानें फार स्पष्ट दाखविला. १६३२ मध्यें आम्स्टरडॅम येथें ज्यू कुटुंबांत जन्मलेल्या या विचारवंताला तो अवघा तेवीस वर्षांचा असतां, १६५६ सालीं, त्याच्या समाजानें बहिष्कृत केलें. पुढें तो भिंगें घांसण्याचें काम करीत राहिला. १६७४ सालच्या एका पत्रांत त्यानें असा दृष्टान्त दिला आहे कीं, भिरकावलेल्या धोंड्याला वाटेंतच जाणीव आली, तर आपण स्वेच्छेनेंच पुढें जात आहों अशी त्याची खात्री होईल. मनुष्याचेंहि तसेंच आहे. त्याला आपली इच्छा कळते. पण ती ज्या कारणांनीं उत्पन्न झाली तीं कारणें कळत नाहींत. तथापि स्पिनोझा एवढ्यावर थांबला नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'नीतिशास्त्र' या ग्रंथाचा चौथा भाग मनुष्याच्या दास्याविषयीं, तर पांचवा त्याच्या स्वातंत्र्याविषयीं आहे. एकाकडून दुसऱ्याकडे नेणारी वाट म्हणजे समज. विकाराचें स्वरूप स्पष्टपणें ओळखलें म्हणजे त्याची मनावरील पकड सुटूं लागते, असें तो सांगतो.

भगवद्गीतेंतहि हाच पेंच आहे. मनांत नसतांहि मनुष्य जणूं बळजबरीनें पाप कां करितो, असें तिसऱ्या अध्यायांत अर्जुन विचारतो. आणि श्रीकृष्ण काम व क्रोध यांच्याकडे बोट दाखवितात. अठराव्या अध्यायांत अर्जुनाला प्रथम असें बजावलें आहे कीं, लढणार नाहीं म्हटलें तरी त्याची प्रकृतिच त्याला लढावयास लावील. त्यानंतर थोड्याच श्लोकांनीं, सांगितलेल्या ज्ञानाचा पूर्ण विचार करून मग इच्छेस येईल तसें करावें, अशी मोकळीक दिली आहे. हीं दोन वचनें वरवर परस्परविरोधी दिसतात; पण दुसऱ्या वचनांतील 'विचार करून' ही अट ध्यानांत घेतली म्हणजे विरोध पुष्कळसा मावळतो. विचार न करणाऱ्याला प्रकृति ओढून नेते; विचार करणाऱ्यालाच निवड करण्याचा अधिकार येतो. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिलें आहे.

विसाव्या शतकांत हा वाद प्रयोगशाळेंत गेला. मनुष्य स्वेच्छेनें बोट हलवितो त्याच्या आधींच मेंदूंत एक मंद विद्युत्‌लहर चढूं लागते, असें १९६५ मध्यें कॉर्नहूबर व डेके या जर्मन शास्त्रज्ञांनीं दाखविलें. अमेरिकेंतील बेंजामिन लिबेट यांनीं १९८३ मध्यें वेळेचा हिशेब मांडला. लहर हालचालीच्या सुमारें अर्धा सेकंद आधीं सुरू होई; पण 'आतां हलवावें' ही इच्छा माणसाला जाणवे ती केवळ एकपंचमांश सेकंद आधीं. मेंदूची तयारी अगोदर आणि जाणीव मागाहून! यावरून इच्छास्वातंत्र्य हा भ्रम होय, असें पुष्कळांनीं ठरवून टाकलें. स्वतः लिबेट यांचें मत तसें नव्हतें. उठलेली ऊर्मि शेवटच्या क्षणीं रोखण्याची शक्ति जाणिवेपाशीं उरते, असें ते म्हणत. पुढें २०१२ मध्यें शुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या लहरीचा निराळाच अर्थ लावला. ती आधींच झालेल्या निर्णयाची खूण नसून मेंदूंत सदैव चालणाऱ्या चढउतारांचा परिणाम असूं शकेल, असें त्यांनीं दाखविलें. शिवाय, विनाकारण मनगट हलविणें आणि नोकरी सोडावी कीं नाहीं हें रात्ररात्र जागून तोलून पाहणें, या दोन निवडी एका जातीच्या नव्हेत.

या प्रश्नाला अधिक जवळचे प्रयोग मुलांवर झाले. वॉल्टर मिशेल यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील शिशुशाळेंत मुलांपुढें खाऊ ठेवला. आतांच घेतला तर थोडा, थांबलें तर अधिक. खाऊकडे टक लावून बसणारीं मुलें लवकर हार खात. नजर वळविणारीं, गाणें गुणगुणणारीं किंवा तो पांढरा खाऊ म्हणजे ढग आहे अशी कल्पना करणारीं अधिक वेळ थांबत. या थांबण्यावरून मुलांच्या पुढील आयुष्याविषयीं जीं मोठीं अनुमानें काढलीं गेलीं, तीं २०१८ मध्यें अधिक मुलांची माहिती तपासतां बरींच फिकीं पडलीं; घरची स्थिति जमेस धरतांच तो संबंध क्षीण झाला. पण मोहाला तोंड देण्याची युक्ति शिकतां येते, हा त्यांतील धडा मात्र टिकून आहे.

कायद्यानें हें पूर्वींच ओळखलें होतें. १८६० च्या भारतीय दंडसंहितेप्रमाणें सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंहि कृत्य अपराध ठरत नसे. आणि सात ते बारा या वयांत, आपल्या कृत्याचें स्वरूप व परिणाम समजण्याइतकी प्रौढता आली होती कीं नाहीं, हें पाहिलें जाई. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि हीच तरतूद आहे. जबाबदारी समजेबरोबर वाढते, असाच याचा अर्थ.

तेव्हां दोन्ही पक्षांत तथ्य आहे. मूल बोलण्याची शक्ति घेऊन जन्मास येतें; पण त्याच्याशीं कोणी बोललेंच नाहीं तर त्याला भाषा येत नाहीं. इच्छास्वातंत्र्याचेंहि असेंच आहे. शक्ति उपजत, स्वातंत्र्य मिळविलेलें. मात्र नुसती समज पुरत नाहीं. दारू घातक आहे हें पिणाऱ्यालाहि ठाऊक असतें. म्हणूनच चंचल मन आंवरण्यासाठीं गीतेनें अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले आहेत. समज वाट दाखविते. पाय रोजच्या सरावानेंच बळकट होतात.

येथें एक आक्षेप उरतो. समज जर घर, शाळा आणि परिस्थिति यांवर अवलंबून असेल, तर स्वातंत्र्यहि नशिबाचाच भाग नव्हे काय? कांहीं अंशीं हें कबूल केलें पाहिजे. ज्याला कोणीं थांबावयास शिकविलेंच नाहीं, त्याचा न्याय करतांना हात थोडा आंखडला पाहिजे. आणि ज्याला सर्व कांहीं मिळालें, त्याच्याकडून अधिक मागितलें पाहिजे. पण ज्याला थोडीहि समज आली, त्याला ती वाढविण्याची वाट खुली होते, आणि त्या वाटेवर चालण्याची जबाबदारी पुढें त्याची स्वतःची होते.

त्या मुलाच्या आईचा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे. "कां फाडलेंस?" हा प्रश्न केवळ कबुली काढण्यासाठीं विचारला, तर मूल सबब शोधावयास शिकतें. तोच प्रश्न राग ओसरल्यावर, त्याला जवळ बसवून विचारला, तर तें स्वतःच्या मनांत डोकावूं लागतें. "मला राग आला" असें नंतर सांगणारा मुलगा ज्या दिवशीं "मला राग येत आहे" असें त्याच क्षणीं ओळखील, त्या दिवशीं बहिणीचें चित्र हातांत असूनहि न फाडण्याची मोकळीक त्याला प्रथमच मिळेल.