टायरची खरी परीक्षा पावसात

आमच्या कासारवाडीला नाशिक फाट्यापाशी मुंबई-पुणे रस्त्याला नाशिकचा रस्ता फुटतो. तेथे वाहनांची रीघ कधी तुटत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात शेजारचे एक काका मला म्हणाले, "सर, टायरवाला म्हणतो चारही टायर बदला. पण परवाच फाट्यावर एकदम ब्रेक दाबावा लागला, तर गाडी जागच्या जागी उभी राहिली! टायर जरा गुळगुळीत झालेत, एवढंच. दिवाळीपर्यंत काढतील की."

काकांचे निरीक्षण बरोबर होते. निष्कर्ष मात्र चुकला. जूनच्या पहिल्याच सरीत त्याच फाट्यावर त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ घसरत जाऊन पुढच्या टेम्पोवर आदळली. शेजारी त्यांची नववीतली नात बसली होती. वेग बेताचा होता म्हणून दिवे फुटण्यावर निभावले. संध्याकाळी नातीने मला विचारले, "सर, मेमध्ये थांबणारी गाडी जूनमध्ये का थांबली नाही? टायर तर तेच होते."

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर आपण पायरीपायरीने शोधू.

पोस्टकार्डाएवढी जागा

समजा, माणसांसह मोटारीचे वस्तुमान ९०० किलोग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी २२५ किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये ३० पौंड हवा भरली आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम दाब. भाराला दाबाने भागले की टायर रस्त्याला किती जागेवर टेकतो ते कळते. उत्तर येते सुमारे १०७ चौरस सेंटिमीटर. आपले साधे पोस्टकार्डही याहून थोडे मोठेच असते! वळणे, वेग वाढवणे, थांबणे या साऱ्या क्रियांसाठी लागणारे बल रस्त्याकडून मोटारीला मिळते ते अशा चार तुकड्यांतूनच.

कोरडा रस्ता

घर्षणबल संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते, असे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. लाकूड, लोखंड यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रबराला मात्र तंतोतंत नाही. रबर मऊ असल्याने ते खडीच्या बारीक उंचसखल भागांत दाबून बसते आणि तिला चिकटून धरते. जेवढे रबर रस्त्याला भिडेल, तेवढी पकड चांगली. म्हणूनच शर्यतीच्या मोटारींना कोरड्या दिवशी अगदी गुळगुळीत, खाचा नसलेले टायर लावतात.

आता काकांचा अनुभव उलगडतो. झिजून "गोटा" झालेल्या टायरच्या खाचा जवळजवळ नाहीशा होतात आणि उरलेले रबर कोरड्या रस्त्याला छान भिडते. (पातळ झालेला टायर उन्हात फुटण्याचा धोका असतो, तो वेगळाच.) म्हणजे झिजलेला टायर उन्हाळ्यात आपल्याला सावध करत नाही, उलट खोटा भरवसा देतो.

ओला रस्ता

पाऊस पडला की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी आहे, टायर १५ सेंटिमीटर रुंद आहे आणि मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर जात आहे असे धरा. गुणाकार करून पाहा: प्रत्येक टायरला दर सेकंदाला सुमारे ५ लिटर पाणी बाजूला सारावे लागते! शिवाय टायरचा कोणताही एक भाग रस्त्याला टेकलेला असतो तो सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षाही कमी काळ. एवढ्यात पाणी जाणार कुठे? खाचांत. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते, ती पाण्याची गटारे असतात. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती उथळ झाली की गटार तुंबते.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. ब्रेक लावल्यावर गाडी जे अंतर तोडते ते v²/2μg या सूत्राने मिळते. येथे v हा वेग, μ हा घर्षणांक आणि g हे गुरुत्वत्वरण. वेग ताशी ६० किलोमीटरच ठेवू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला तर अंतर सुमारे १८ मीटर येते. ओला रस्ता व चांगले टायर असताना तो ०.५ धरला तर २८ मीटर. ओला रस्ता आणि गोटा झालेले टायर असताना तो ०.३ वर आला तर ४७ मीटर! शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर त्यात मिळवा.

पहिल्या सरीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. आठ महिने रस्त्यावर साठलेली धूळ, तेल आणि रबराचा चुरा पाण्यात कालवून निसरडा राडा होतो. जोराच्या पावसाने तो धुऊन जाईपर्यंत घसरण्याची भीती विशेष असते.

पाण्यावर तरंगणारी मोटार

वेग वाढत गेला तर एक वेळ अशी येते की टायरपुढे साठलेल्या पाण्याचा दाबच टायरला उचलून धरतो. मग चाक रस्त्यावर नसून पाण्यावर चालते. सुकाणूचे चक्र हलके लागते, पण ते फिरवून गाडी वळत नाही. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांच्या चाकांचा अभ्यास करून अमेरिकेच्या नासा संस्थेतील होर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ साली एक सोपा नियम मांडला. आपल्या परिमाणांत तो असा: टायरमधील हवेचा दाब (पौंडांत) घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि १६.७ ने गुणा. तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळेल. ३० पौंडांना हा वेग ९१ येतो, २० पौंडांना ७५. मोटारीच्या बाबतीत हा केवळ अंदाज आहे. खाचांत मावणार नाही इतके पाणी असेल तेव्हा तो लागू होतो. पण हवा कमी असणे पावसात किती घातक, हे त्यावरून स्पष्ट दिसते. असे झालेच तर जोराने ब्रेक दाबू नये. चक्र सरळ धरून वेग आपोआप कमी होऊ द्यावा.

रबराची पाककृती

नक्षीइतकेच महत्त्व रबराच्या मिश्रणाला आहे. खडीच्या टोकांवरून घसरताना रबर सेकंदाला हजारो वेळा दबते व सुटते. ते जितके आळसाने पूर्ववत होईल, तितकी ऊर्जा उष्णतेत जाते आणि ओल्यातही पकड मिळते. परंतु चाक नुसते फिरतानाही रबर प्रत्येक फेऱ्यात एकदा, म्हणजे सेकंदाला नऊ-दहा वेळा दबते. तेथे आळस केला तर पेट्रोल वाया जाते! दोन्ही साधायचे कसे? काजळीऐवजी बराचसा सिलिका वापरल्यास रबर संथ दाबाला चपळ आणि जलद दाबाला आळशी राहते. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९९२ साली असा टायर बाजारात आणला. आज अनेक कंपन्या हे तंत्र वापरतात. आपल्या जवळ चाकणलाही ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे.

भारतात मोटारींच्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकडीची कसोटी एआयएस-१४२ या मानकाने आली. नव्या रचनेच्या टायरना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली. भिजवलेल्या धावपट्टीवर ब्रेक लावून टायरची तुलना एका प्रमाण टायरशी करतात. एआयएस मानके प्रसिद्ध करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे.

टायर घेताना

अपघातानंतर काका, नात आणि मी मिळून टायर घ्यायला गेलो. आम्ही काय काय पाहिले ते सांगतो.

मोटार बनवणाऱ्याने सांगितलेलेच माप घेतले. फार रुंद टायर कोरड्या रस्त्यावर बरा वाटतो, पण त्याला जास्त पाणी सारावे लागते. पाणी बाहेर नेणाऱ्या रुंद, सलग खाचा आहेत ना, ते पाहिले. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो. पडून राहिलेले रबर कडक होते, म्हणून ताजा टायर निवडला.

दोनच टायर घ्यायचे असते तर ते मागे बसवले असते. बरेच जण नवे टायर पुढे लावतात. पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि चालक वेग कमी करू शकतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच उरत नाही.

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. त्या उंचीच्या रबराच्या बारीक पट्ट्या खाचेच्या तळाशी असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. पण पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटरलाच सावध झालेले बरे.

नात आता दर महिन्याच्या एक तारखेला पट्टीने चारही टायरच्या खाचा मोजते आणि वहीत लिहून ठेवते. तुम्हीही उभ्या गाडीच्या, शक्यतो स्कूटरच्या, टायरला खडूची पूड लावा, गाडी हळूच आलेखकागदावर टेकवा आणि उमटलेल्या ठशाचे चौकोन मोजा. मग हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा, आणि शेवटी हवा पूर्ववत भरायला विसरू नका. हे काम मे महिन्यातच करावे. जूनमध्ये परीक्षा घेणारा पाऊस आगाऊ सूचना देत नाही.