बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

मंडळी, गाव सोडून रहिमतपूरला राहायला जावे का? कोरेगाव तालुक्यातल्या लहान गावांत हा प्रश्न आज घरोघर निघतो. कोणी म्हणतो, पोरांच्या शाळेसाठी जाऊ. कोणी म्हणतो, म्हातारीच्या दवाखान्यासाठी जाऊ. कोणी म्हणतो, शेजारचा गेला, मग आपणच का मागे राहायचे?

जावे की न जावे, हे मी सांगणार नाही. ज्याचे घर त्याने ठरवावे. पण कसे ठरवावे, एवढे सांगतो. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात. हा निर्णय तोंडी करू नका. कागद-पेन्सिल घेऊन करा.

रहिमतपूर कसे आहे?

रहिमतपूर हे कमंडलू नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. भोवती ऊस, आले, हळद यांचा मुलूख. चौंडेश्वरीचे देऊळ सगळ्यांना ठाऊक आहे. इथली नगरपालिका १८५३ सालची आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षे होत आली. २०११ च्या शिरगणतीत इथे सतरा हजारांच्या आसपास वस्ती होती. पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूर नावाचे स्टेशन आहे. सातारा एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर आहे.

म्हणजे हे खेडे नाही आणि मोठे शहरही नाही. शाळा आहेत, दुकाने आहेत, डॉक्टर आहेत. पण तहसील कचेरी कोरेगावला. कलेक्टर कचेरी साताऱ्याला. रहिमतपूरला राहायला आलात तरी जमिनीच्या कामाला कोरेगावची वारी चुकत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही खेड्यातून रहिमतपूरला येता, तेव्हा रहिमतपूरची पोरे पुण्या-मुंबईला निघालेली असतात. नाटककार वसंत कानेटकर १९२० मध्ये रहिमतपूरला जन्मले, पण नाशिकला स्थायिक झाले. प्रत्येक गावाला पुढचे गाव बरे वाटते. दुरून डोंगर साजरे.

एक जोडपे आले

मागल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन माझ्याकडे आला. त्याचे गाव रहिमतपुरापासून नऊ किलोमीटर. तीन एकर जमीन, दोन म्हशी, म्हातारी आई, दहावी झालेली मुलगी आणि धाकटा मुलगा. भाऊ शेजारीच राहतो.

तो म्हणाला, "गुरुजी, एक एकर इकतो आन् रहिमतपुरात जागा घेतो. दुकानात अकरा हजार पगार देत्यात. गावात आता काय ऱ्हायलंय?"

मी विचारले, "घाई कशाची?"

"पोरीच्या शाळेची. एस.टी. फाट्यापतूर येती. तिथनं दोन किलोमीटर पायी. थंडीत घरला याला अंधार हुतो. आई म्हणती, पुरं झाली शाळा, लगीन उरका."

तेव्हा खरा प्रश्न कळला. प्रश्न गावाचा नव्हता. प्रश्न पोरीच्या अकरावी-बारावीचा होता. पोरगी हुशार. शाळा सुटली तर पुन्हा धरता येत नाही. आणि एकर गेला तर तोही परत मिळत नाही.

मी म्हणालो, "पोरीला घेऊन या. ती लिहील, आपण सांगू."

कागदावरचा हिशेब

दुसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन आली. आधी गावचा महिना लिहिला.

शेतीचे, खर्च वजा जाता, वर्षाला ९६,००० म्हणजे महिना ८,००० रुपये. दोन म्हशींच्या दुधाचे, पेंड-चारा वजा जाता, ५,०००. मजुरीचे ३,०००. एकूण मिळकत १६,०००. घरखर्च ११,५००. शिल्लक ४,५००.

मग रहिमतपूरचा महिना लिहिला. पगार ११,०००. शेत वाट्याने दिले तर निम्मे, म्हणजे ४,०००. म्हशी विकाव्या लागणार, म्हणून दुधाचे शून्य. एकूण १५,०००.

आणि खर्च? आधीचे ११,५०० होतेच. त्यात खोलीचे भाडे ३,०००. रोज एक लिटर दूध विकत, त्याचे १,८००. गावात फुकट मिळणारी भाजी, सरपण, यांचे ७००. वीज-पाण्याचे जादा ५००. बेरीज १७,५००. दवाखान्याला, बाजाराला वडापने जाण्याचे १,००० वाचतील. राहिले १६,५००.

मुलीने वजाबाकी केली. मिळकत १५,०००, खर्च १६,५००. दरमहा १,५०० रुपयांची तूट!

बाप गप्प झाला. अकरा हजार पगार ऐकून त्याला वाटले होते की हात वर होईल. पण पगार दिसतो, आणि जे फुकट मिळत होते ते दिसत नाही. दूध, भाजी, सरपण, डोक्यावरचे छप्पर, हीसुद्धा मिळकतच आहे. ती सुटली की मगच तिची किंमत कळते.

तुमचे आकडे वेगळे येतील. एखाद्याला रहिमतपुरात फायदाही होईल. पण आकडे मांडल्याशिवाय पाऊल उचलू नका.

ज्यांना कोणी विचारत नाही

पैशाचा हिशेब झाला. आता माणसांचा हिशेब. मी त्या बाईंना विचारले, "सूनबाई, तुमचं काय म्हणणं?"

त्या आधी बोलेनात. मग म्हणाल्या, "गुरुजी, दुधाचा पैका माझ्या हातात येतो. पोरांची वही, सासूबाईंची गोळी त्यातनं हुती. तिकडं गेल्याव दर टायमाला ह्यांच्या म्होरं हात पसरायचा."

नवऱ्याने हे कधी ध्यानातच घेतले नव्हते. जागा बदलली की घरातल्या बाईचे काम बदलते, आणि तिच्या हातचा पैसाही बदलतो. काहींना शहरात शिवणकाम मिळते, खाणावळीत काम मिळते, हात मोकळा होतो. काहींचा होता तो आधार जातो. म्हणून तिला आधी विचारा.

म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. गावात आजी पारावर बसते, येणारा-जाणारा रामराम करतो. शहरात खोलीत बसून भिंतीकडे बघायचे. उलट, तिला दर आठवड्याला डॉक्टर लागत असेल तर शहर जवळ बरे. रात्री दोन वाजता दवाखाना उघडतो का, हे मात्र आधी स्वतः जाऊन पाहा. पाटीवर विसंबू नका.

सगळ्या घरानेच हलायला हवे का?

कधी कधी एका माणसाची अडचण असते आणि आपण सगळे घर हलवतो. आधी लहान उपाय पाहावा.

खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जाण्यासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धेच तिकीट आहे. जिथे गाडी वेळेवर असते, तिथे एवढ्यानेही काम भागते.

दुसरा उपाय वसतिगृहाचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये त्यांनी ती साताऱ्याला नेली आणि तिथे खेड्यातल्या सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग चालवले. आई-बापांनी शेती सोडली नाही, पोरे मात्र शिकली. त्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात वसतिगृहाची वाट मळलेली आहे. मुलींच्या वसतिगृहाची चौकशी जरूर करावी.

या मुलीचे दोन्ही जमेना. पास मिळाला तरी फाट्यापासूनची अंधारी वाट होतीच. आणि आजी वसतिगृहाला कबूल होईना.

जमीन विकू नका

सातारा जिल्ह्याला गाव सोडण्याचा अनुभव जुना आहे. आपल्या किती तरी घरांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुष्कळ गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत. माणसे गावी परतली. ज्यांचे घर आणि वावर शाबूत होते त्यांना टेकायला जागा होती. ज्यांनी विकून टाकले होते त्यांना परतायला वाटच नव्हती.

कोयना धरणात ज्यांची गावे बुडाली, त्यांना राहता का जाता, असे कोणी विचारले नाही. आपल्याला निवड करता येते, हे भाग्य आहे. म्हणून परतीची वाट मोडून जाऊ नये. आधी एक वर्ष भाड्याने राहावे. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिथे काढावा. उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येते, ते तेव्हा कळते. मगच जागेचा विचार.

त्यांनी काय केले?

मुलीने वहीत तिसरा हिशेब मांडला. एकर विकायचा नाही. शाळेजवळ खोली भाड्याने घ्यायची. बापाने सकाळी मोटारसायकलने शेतावर जायचे आणि संध्याकाळी दुकानात काम करायचे. त्याचे ५,०००. शेत स्वतः केल्यामुळे पुरे ८,०००. एक म्हैस विकायची आणि एक आजीजवळ, भावाच्या गोठ्यात ठेवायची. तिचे २,५००. मिळकत १५,५००. दूध गावाहून येणार, म्हणून १६,५०० मधून १,८०० वजा. पेट्रोलचे ८०० जादा. खर्च १५,५००.

शिल्लक शून्य.

दोन वर्षे गाठीला काही पडणार नाही, पण जमीन राहील आणि पोरगी बारावी होईल. दुधाचा पैसा सूनबाईंच्याच हातात राहायचा, हे मी वहीत लिहून घेतले. बाप म्हणाला, "चालंल." आजी म्हणाली, "शनवारी-रईवारी पोरं हिकडं धाडायची." तेही लिहिले. जूनमध्ये त्यांनी बिऱ्हाड हलवले. वर्ष संपले की पुन्हा वही उघडायची, असे ठरले आहे.

जाताना कोणती कागदपत्रे पाहावी?

१. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा. दाखल्याला उशीर झाला तरी ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घेणे थांबवता येत नाही. तसा २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आहे.

२. रेशनकार्डावर नाव आणि आधार जोडलेला असेल, तर दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळते. आधी दुकानात जाऊन विचारून घ्यावे.

३. खोलीचा करार लेखी करावा आणि नोंदवून घ्यावा. १९९९ चा भाडे कायदा तसे सांगतो. भाडे दिले की पावती मागावी. मागायला लाजू नये.

४. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी असावे. जागा बदलली तर नमुना ८ भरून नाव हलवावे.

५. जमीन वाट्याने दिली तरी कोणत्या अटीवर आणि किती दिवसांसाठी, ते कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते. ती दर हंगामात करावी, आणि सातबारा वर्षातून एकदा काढून वाचावा.

६. खेड्यासाठीच्या काही योजना नगरपालिकेच्या हद्दीत चालत नाहीत. घरकुलाची योजना खेड्यात वेगळी, शहरात वेगळी. अर्ज केलेला असेल तर जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीत विचारावे.

शेवटी

याच सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. ती कशासाठी? नुसती सही करण्यासाठी नव्हे. कोणी फसवू नये, आणि आपणही आपल्याला फसवू नये, यासाठी.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांना बसवा. पोराच्या हाती वही द्या. एका बाजूला गाव लिहा, एका बाजूला रहिमतपूर. मिळकत लिहा, खर्च लिहा. मग प्रत्येकाला विचारा, तुझे काय वाढेल आणि काय कमी होईल? बाईला विचारा, म्हाताऱ्यांना विचारा, पोरांनाही विचारा. सगळ्यांचे लिहून झाले की एकदा मोठ्याने वाचा.

मग जा किंवा राहा. दोन्हीत कमीपणा नाही.