वाशिमला सूर्य कुठून पाहावा?

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आजही तळी, घाट आणि देवळे यांसाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावात सूर्योदय-सूर्यास्त पाहायला चांगली जागा कोणती, हा प्रश्न सहल ठरवताना हमखास निघतो आणि ‘जिथून फोटो चांगला येतो ती’ असे उत्तर मिळते. विद्यार्थ्यांना बरोबर न्यायचे असेल तर आमच्या मते कसोटी थोडी वेगळी हवी. क्षितिज किती उघडे आहे आणि त्यावर खुणेसाठी एखादे झाड, शिखर किंवा टाकी आहे का, हे आधी पाहावे. अशी जागा सापडली तर वाशिमविषयीच्या एका जुन्या समजुतीची परीक्षाही तिथूनच घेता येते.

सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण पहिलीपासून शिकवतो; पण बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. वाशिमचे अक्षांश सुमारे २०.१ अंश उत्तर आहेत. या अक्षांशावर २१ जूनच्या आसपास सूर्य पूर्वबिंदूच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि २२ डिसेंबरच्या आसपास तितकाच दक्षिणेला. हात समोर ताणून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते. म्हणजे पूर्वेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मुठी, असा पाच मुठींचा पट्टा वर्षभरासाठी मोकळा हवा. सूर्यास्तासाठी पश्चिमेलाही तितकाच. होकायंत्र आणि स्वतःची मूठ एवढ्या सामग्रीवर कोणतीही जागा पाच मिनिटांत तपासता येते.

आता अडथळ्याचा हिशेब. या अक्षांशावर उगवता सूर्य एक अंश वर चढायला सव्वाचार मिनिटांच्या आसपास वेळ घेतो. शंभर मीटरवर दहा मीटर उंच इमारत असेल, तर ती क्षितिज पावणेसहा अंशांनी उचलते. तिथे सूर्य सुमारे चोवीस मिनिटे उशिरा दिसतो. तोवर लाल गोळा पिवळा झालेला असतो आणि पाहण्यासारखे फारसे उरत नाही. गावातल्या जुन्या जागांची अडचण हीच आहे. पद्मतीर्थ घ्या किंवा बालाजी मंदिराजवळचा देवतलाव. पायऱ्या उतरून पाण्याशी उभे राहिले की काठच क्षितिज होतो. म्हणून घाटाच्या वरच्या पायरीवर थांबावे, सकाळी पश्चिम काठावर आणि संध्याकाळी पूर्व काठावर. म्हणजे तळ्याची रुंदी आपल्या आणि समोरच्या घरांच्या मध्ये येते, अडथळ्याचा कोन घटतो, आणि पाण्यातले प्रतिबिंब मिळते ते वेगळेच. तरीही मोजणीसाठी गावाबाहेर पडावे हे बरे. शहराला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जी धरणाचा परिसर किंवा पठारावरचे मोकळे शेत चालेल. धरणाच्या भिंतीवर मुलांना नेण्याआधी परवानगी घ्यावी, हे सांगायला नकोच.

सूर्यबिंब क्षितिजातून पूर्ण वर यायला सव्वादोन मिनिटे लागतात. त्या वेळी ते चपटे दिसते, कारण क्षितिजाजवळ हवेतून येणारा प्रकाश वाकतो, आणि खालच्या कडेचा वरच्या कडेपेक्षा जास्त वाकतो. हे वाकणे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक, म्हणजे बिंबाच्या व्यासापेक्षाही जास्त असते. त्यामुळे सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा भूमितीच्या हिशेबाने सगळे बिंब खाली गेलेले असते! हे ऐकून वर्ग थोडा वेळ गप्प होतो. मात्र बिंब लाल आणि मवाळ वाटले तरी टक लावून पाहू देऊ नये. दुर्बीण, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म यांपैकी काहीही वापरू नये. पहिली कड दिसली की वेळ लिहावी आणि नजर काढून घ्यावी.

वेळ लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बहुधा मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो. वाशिम मुंबईच्या सव्वाचार अंश पूर्वेला आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणून येथे सूर्य सुमारे १७ मिनिटे आधी उगवतो. अक्षांशातल्या एका अंशाच्या फरकामुळे हा आकडा जूनमध्ये १९ आणि डिसेंबरमध्ये १५ मिनिटांच्या आसपास जातो.

आता ती समजूत. वाशिमच्या मध्यमेश्वर मंदिरातून लंका आणि मेरू यांना जोडणारी मध्यरेखा जाते, असे गावात सांगतात. याला आधार नाही असे नाही. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात (इ.स. ११८३) मध्यरेखेवरच्या स्थळांची यादी आहे, तीत वत्सगुल्म येते आणि मग उज्जयिनी. म्हणजे वाशिम आणि उज्जैन एकाच रेखावृत्तावर असायला हवीत. तशी ती आहेत का?

नुसत्या सूर्योदयाच्या वेळा ताडून पाहिल्या तर फसगत होते. जूनच्या अखेरीस उज्जैनचा सूर्योदय वाशिमपेक्षा मिनिटभर आधीच होतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो अकरा-बारा मिनिटे उशिरा होतो. उज्जैन तीन अंश उत्तरेला असल्याने तिथला दिवस उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड असतो, त्याचा हा परिणाम. तो काढून टाकायचा उपाय सोपा आहे. एकाच जागेवरून त्याच दिवशी सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही टिपा आणि दोहोंचा मध्य काढा. तो त्या गावचा खरा मध्यान्ह. यासाठीच दोन्ही बाजू सारख्या मोकळ्या असलेली जागा हवी. पूर्वेचा अडथळा पश्चिमेपेक्षा एक अंशाने उंच असला तरी मध्यान्ह दोन मिनिटांनी सरकतो.

२५ डिसेंबरला वाशिममध्ये सूर्योदय सुमारे ६.५४ आणि सूर्यास्त सुमारे ५.४९ ला होतो. मध्य येतो १२ वाजून २१½ मिनिटांनी. भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशाची. २१½ मिनिटांना चारने भागले की ५.४ अंश, ते वजा करून ७७.१. हे वाशिमचे रेखांश. उज्जैनचा त्या दिवशीचा मध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांचा, म्हणून रेखांश ७५.८. फरक सव्वा अंशाहून थोडा जास्त, जमिनीवर सुमारे १४० किलोमीटर. वाशिम उज्जैनच्या रेखेवर नाही.

पण म्हणून जुन्या ज्योतिष्यांना हसण्याचे कारण नाही. दोन गावांतले रेखांतर काढायला त्यांच्याजवळ चंद्रग्रहणाचा उपाय होता: एकच घटना, दोन्हीकडच्या स्थानिक वेळा, त्यांतला फरक. येथे तो फरक साडेपाच मिनिटांचा, म्हणजे जेमतेम चौदा पळांचा, पाव घटकेहूनही कमी. चंद्रावरची पृथ्वीची छाया कडेला पुसट असते आणि वेळ मोजायला घटिकापात्र. अशा साधनांतून चौदा पळे सहज निसटतात. आपल्या मनगटी घड्याळानेही मध्यान्ह एका मिनिटाने चुकला तर गाव नकाशावर २६ किलोमीटर सरकते.

प्रयोगासाठी २५ डिसेंबर सांगितला, कारण त्या सुमारास घड्याळाचा आणि सूर्याचा मेळ असतो. १५ एप्रिल, १३ जून आणि १ सप्टेंबरलाही तो असतो, पण जून-सप्टेंबरात ढग आड येतात आणि एप्रिलात धुळीने क्षितिज हरवते. इतर दिवशी वाशिमचा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.०५ पासून फेब्रुवारीच्या मध्यास १२.३६ पर्यंत हिंडतो. तो किती हिंडतो, हे महिन्यातून एकदा त्याच जागेवर जाऊन नोंदवता येईल. नाताळच्या सुटीत सुरुवात केली तर परीक्षांपूर्वी तीन-चार नोंदी हाती येतात.