पोटातला जंत, अंगणातली अंडी

गोळी दिली, विष्ठेतून चार जंत पडले, पिल्लू महिनाभर तरतरीत राहिले आणि पुढे पुन्हा तीच ढेरी, तेच राठ केस. कुत्रे पाळणाऱ्या घरांतली ही नेहमीची तक्रार आहे. दोष बहुतेक वेळा औषधाला दिला जातो. औषध आपले काम करते, पण ते काम मुख्यतः आतड्यापुरते असते. जंताच्या आयुष्याचा मोठा भाग आतड्याबाहेर जातो. तो कधी आईच्या स्नायूंत असतो, कधी अंगणातल्या मातीत, कधी पिसवेच्या पोटात, तर कधी मेंढीच्या यकृतात. हा बाहेरचा प्रवास समजला की औषध केव्हा द्यायचे, पुन्हा का द्यायचे आणि त्याच्या जोडीला काय करायचे, हे आपोआप स्पष्ट होते.

जंत येतात कुठून

कुत्र्याच्या आतड्यात प्रामुख्याने चार प्रकारचे जंत आढळतात.

पहिला गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकॅरा. पांढरट, शेवयांसारखे दिसणारे हे जंत पिल्लाच्या ओकारीत किंवा विष्ठेत सहज ओळखू येतात. मोठ्या कुत्रीच्या पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुष्कळदा तिच्या स्नायूंत आणि अवयवांत जाऊन निपचित पडून राहतात. कुत्री गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. म्हणून पिल्लू जन्मते तेच जंत घेऊन. ते तीन-चार आठवड्यांचे होते तेव्हा त्याच्या विष्ठेत अंडी पडू लागलेली असतात. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते.

दुसरा अंकुशकृमी. हा जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर लांबीचा असतो, पण पिल्लाच्या जिवावर उठतो तो हाच. आतड्याच्या आतल्या आवरणात दात रुतवून तो रक्त शोषतो. रक्त गोठू नये असा स्राव सोडत असल्याने त्याने जागा बदलली तरी आधीची जखम वाहत राहते. त्याच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लाकडे येतात, ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि तोंडावाटेही जातात.

तिसरा व्हिपवर्म. एक टोक दोऱ्यासारखे बारीक आणि दुसरे जाड असा हा कृमी मोठ्या आतड्यात राहतो. अंडी पोटात गेल्यापासून विष्ठेत नवी अंडी दिसेपर्यंत त्याला सुमारे तीन महिने लागतात.

चौथा पट्टकृमी. त्याचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे डायपिलिडियम. गुदद्वाराजवळच्या केसांत किंवा झोपायच्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यांसारखे, ताजे असताना हलणारे तुकडे दिसतात, ते त्याचेच. याची अंडी पिसवेची अळी खाते, ती मोठी होऊन कुत्र्याच्या अंगावर येते, खाज सुटली की कुत्रे दाताने पिसू चावते आणि गिळते. म्हणजे हा जंत घालवायचा तर आधी पिसवा घालवाव्या लागतात.

एकाच प्रदेशातल्या दोन माती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जंतांच्या दृष्टीने दोन वेगळी जगे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो.

अंकुशकृमीच्या अळीला सावली, ओल आणि ऊब लागते. विष्ठेतल्या अंड्यातून ती एक-दोन दिवसांत बाहेर पडते आणि आठवडाभरात कुत्र्याला बाधू शकते. जावळी, पाटण, महाबळेश्वरचा डोंगरपट्टा किंवा वाळवा-मिरजेकडची बारमाही पाण्याखालची उसाची शिवारे तिला मानवतात. जून ते ऑक्टोबर हा इथला जोखमीचा काळ. कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ सारखा महापूर येऊन गेला की अंगणात गाळ साठतो. अशा दमट गाळात गोलकृमीची अंडी दीर्घकाळ टिकतात. त्यांचे कवच जाड असल्याने फिनेलने किंवा ब्लीचिंगने ती मरत नाहीत. पुरानंतर गाळ उपसून जागा उन्हात वाळू देणे म्हणूनच महत्त्वाचे.

माण, खटाव, आटपाडी, जतकडे कडक ऊन आणि कोरडी माती अळ्यांना जगू देत नाही. पण हा मेंढपाळांचा मुलूख आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी प्रसिद्ध आहे, आणि कळपाबरोबर कुत्रे असतेच. इथे काळजी करायची ती एकायनोकॉकस या इवल्याशा पट्टकृमीची. तो फक्त काही मिलिमीटरचा असतो. मेंढी-शेळीच्या यकृतात किंवा फुप्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कापलेल्या जनावराचा असा अवयव कच्चाच कुत्र्यापुढे टाकला की त्याच्या आतड्यात हजारो कृमी तयार होतात. कुत्रे मात्र धडधाकट दिसते. त्याच्या विष्ठेतली अंडी गवतावरून मेंढीच्या पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

ओळखायचे कसे

पिल्लाचे पोट फुगलेले आणि बरगड्या दिसणाऱ्या, केस निस्तेज, भूक चांगली असूनही वाढ खुंटलेली, अधूनमधून ओकारी किंवा पातळ विष्ठा, ही सर्वसाधारण लक्षणे. ढुंगण जमिनीला घासणे हे पट्टकृमीचे लक्षण असू शकते, पण गुदाजवळच्या ग्रंथी भरल्या तरी कुत्रे असेच करते.

रोज पाहण्यासारखी एक जागा आहे, ती म्हणजे हिरड्या. ओठ वर उचलून बघावे. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती पांढुरकी दिसत असेल, विष्ठा डांबरासारखी काळी होत असेल आणि पिल्लू मलूल असेल, तर अंकुशकृमीने बरेच रक्त नेले आहे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा पिल्लाला जंतनाशकाबरोबर सलाइन, लोह आणि काही वेळा रक्तही द्यावे लागते. घरी गोळी देऊन वाट पाहण्याची ही वेळ नव्हे.

विष्ठेची तपासणी

तपासणी सोपी आणि स्वस्त असते. सकाळची ताजी विष्ठा, सुपारीएवढी, मातीला न लागलेल्या भागातून स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्यावी आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवावी. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत डबी राहिली तर अंड्यांतून अळ्या निघतात आणि निदान अवघड होते.

प्रयोगशाळेत ती मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळतात. जंतांची बहुतेक अंडी या दाट द्रावणापेक्षा हलकी असल्याने वर तरंगतात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गोलकृमीचे अंडे गोल आणि जाड कवचाचे, अंकुशकृमीचे लंबगोल आणि पातळ कवचाचे, तर व्हिपवर्मचे दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखे दिसते. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवीही तपासणीत सापडू शकतात. त्यांच्यावर नेहमीची जंताची गोळी पुरेशी पडत नाही, वेगळे औषध लागते. जंताचे औषध देऊनही हगवण थांबत नसेल तेव्हा तपासणीचा आग्रह धरावा तो यासाठी.

अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीत, असे मात्र धरू नये. कृमी वयात आल्याशिवाय अंडी घालत नाही. दुधातून आलेले अंकुशकृमी पिल्लाचे रक्त दुसऱ्या आठवड्यातच पिऊ लागतात, अंडी त्यानंतर दिसतात. पट्टकृमीची अंडी तुकड्यांच्या आत बंद असतात, ती या पद्धतीत निसटतात. एकायनोकॉकसचे अंडे दिसले तरी ते कुत्र्यातल्या इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांपासून नुसत्या सूक्ष्मदर्शकाने वेगळे ओळखता येत नाही.

ही सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून किंवा खासगी डॉक्टरांकडे मिळते. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून आहे. महामार्गावरच असल्याने अवघड रुग्ण तिथे नेता येतो.

औषध नेमके काय करते

बाजारातल्या संयुक्त गोळीत साधारणपणे तीन घटक असतात. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमींना लुळे पाडते, मग आतड्याच्या हालचालीने ते बाहेर पडतात. फेबँटेल कृमीला साखर वापरू देत नाही, त्याची उपासमार करते. तेच व्हिपवर्मवरही चालते. प्राझिक्वाँटेल पट्टकृमीचे स्नायू आखडवते आणि कातडी फाडते. तो आतड्यातच पचून जातो, म्हणून औषधानंतर पट्टकृमी दिसला नाही तरी काळजी नसावी.

मात्रा वजनावर ठरते. बहुतेक संयुक्त गोळ्या दहा किलो वजनाला एक अशा असतात. वजन अंदाजाने धरू नये. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. गाभण कुत्री, फार लहान पिल्लू किंवा आजारी जनावर असेल तर औषध डॉक्टरांनीच ठरवावे.

मेंढ्यांसाठी आणलेले औषध कुत्र्याला पाजण्याचा मोह टाळावा. त्यातले अल्बेंडाझोल कुत्र्याच्या अस्थिमज्जेवर परिणाम करू शकते. गाई-म्हशींसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्यासाठी फार तीव्र असते, आणि कोलीसारख्या जातींना ते मेंदूवर चढून जिवावर बेतू शकते. लसूण चारण्याचा घरगुती उपायही नको. लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि अंकुशकृमीने त्या आधीच कमी केलेल्या असतात.

पुन्हा का द्यायचे

आज दिलेली गोळी आज आतड्यात असलेल्या मोठ्या कृमींना मारते. स्नायूंत निजलेल्या किंवा फुप्फुसातून वाटचाल करणाऱ्या अळ्यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही. त्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आतड्यात उतरतात आणि रिकामी झालेली जागा घेतात. दुसरा डोस या नव्या तुकडीसाठी असतो.

म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी औषध द्यावे. पिल्लांबरोबर दूध पाजणाऱ्या आईलाही द्यावे. तिला वगळले तर पिल्लांना पुन्हा लागण होत राहते. व्हिपवर्म आढळल्यास सलग तीन महिने दरमहा उपचार करतात. मेंढ्यांच्या कळपातल्या आणि कच्चे मांस मिळणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वाँटेल दर सहा आठवड्यांनी देणे चांगले, कारण एकायनोकॉकस साधारण तेवढ्याच काळात अंडी घालायच्या वयाला येतो.

अंगणातले काम

विष्ठा रोजच्या रोज उचलावी. अंकुशकृमीची अळी बाधायला सुमारे आठवडा आणि गोलकृमीचे अंडे तयार व्हायला किमान दोन आठवडे लागतात. रोज उचलणाऱ्याने ही मुदत त्यांना मिळूच दिलेली नसते. औषधानंतरचे काही दिवस तर विष्ठा अजिबात पडून राहू देऊ नये. ती उकिरड्यात टाकू नये. तिथून ती शेणखतात आणि खतातून मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते. विहीर आणि भाजीपाल्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावी.

कुत्र्याची जागा सावलीतल्या ओल्या कोपऱ्यातून ऊन येणाऱ्या, पाणी न साठणाऱ्या जागी हलवावी. खाली फरशी किंवा कोबा असेल तर उत्तम, त्यावर उकळते पाणी ओतता येते. गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. पिसवांचे औषध कुत्र्यावर आणि त्याच्या बसायच्या जागेवर एकाच वेळी करावे.

बोकड किंवा मेंढी कापली की गाठी असलेले काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नये. ते जाळावे किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरावे. चारायचेच असेल तर तुकडे करून किमान अर्धा-पाऊण तास उकळावे.

घरातली माणसे

गोलकृमीची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात भटकतात, क्वचित डोळ्यात जाऊन दृष्टीला इजा करतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायात शिरून खाजणाऱ्या नागमोडी रेषा उमटवतात. एकायनोकॉकसमुळे माणसाच्याही यकृतात पाण्याची गाठ होते. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रियेपर्यंत नेते. गोलकृमीचे अंडे ताज्या विष्ठेत बाधक नसते, पण एकायनोकॉकसचे अंडे पडल्या क्षणापासून बाधक असते आणि ते कुत्र्याच्या केसांनाही चिकटलेले असू शकते. कुत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः जेवणापूर्वी, साबणाने हात धुणे हा म्हणूनच पहिला नियम. पालेभाजी नीट धुवावी आणि मुलांना अंगणात चप्पल घालायला लावावी.

यासाठी कुत्रे घराबाहेर काढण्याची गरज नाही. वेळेवर औषध मिळणारे, स्वच्छ जागेत राहणारे आणि कच्चे मांस न खाणारे कुत्रे घराला फारसा धोका पोचवत नाही.

शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला, मुलांना जंताची गोळी दिली जाते. त्याच तारखा घरातल्या मोठ्या कुत्र्यासाठीही धराव्यात आणि मध्ये १० मे व १० नोव्हेंबर जोडावेत, म्हणजे दर तीन महिन्यांचे चक्र पूर्ण होते. या चार तारखांवर आजच कॅलेंडरमध्ये खूण करा.